हान्स बर्गर

हान्स बर्गर (२१ मे, १८७३ : नॉयझेस, कोबुर्गनजीक, जर्मनी - १ जून, १९४१ : येना, जर्मनी) हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ आणि मेंदूच्या शरीरक्रियेचे संशोधक होते. मानवी मेंदूतील विद्युत क्रियेची नोंद सर्वप्रथम त्यांनी केली. या नोंदीला त्यांनी दिलेले जर्मन नाव पुढे इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम, म्हणजेच ईईजी, या रूपाने जगभर रूढ झाले. मराठीत तिला विद्युत् मस्तिष्कालेख असे म्हणतात. अपस्माराचे निदान, झोपेचा अभ्यास, भुलेच्या खोलीचा अंदाज आणि अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मेंदूची देखरेख ही सर्व कामे या शोधावर उभी आहेत. जन्मजात हृदयदोष असलेल्या तान्ह्या बालकांवर शस्त्रक्रिया करताना आणि त्यानंतर त्यांच्या मेंदूवर लक्ष ठेवण्यासाठीही हीच पद्धत वापरली जाते. नाझी राजवटीत बर्गर यांनी घेतलेल्या सहभागामुळे त्यांच्या चरित्राचे अलीकडच्या काळात नव्याने मूल्यमापन झाले आहे.

जन्म आणि घराणे

बर्गर यांचा जन्म कोबुर्ग शहरानजीकच्या नॉयझेस या खेड्यात झाला. वडील पाउल फ्रीडरिश बर्गर हे वैद्य होते. आई आना ही विख्यात जर्मन कवी आणि प्राच्यविद्यापंडित फ्रीडरिश र्‍युकर्ट यांची कन्या. र्‍युकर्ट यांनी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध नॉयझेस येथेच घालवला. संस्कृत, फार्सी आणि अरबी भाषांतील साहित्य त्यांनी जर्मन भाषेत आणले. महाभारतातील नलदमयंती आख्यान आणि जयदेवांचे गीतगोविंद यांची त्यांनी केलेली जर्मन रूपांतरे प्रसिद्ध आहेत. बर्गर यांच्या जन्मापूर्वी सात वर्षे या आजोबांचे निधन झाले होते. मात्र घरात एकीकडे वैद्यकाची शिस्त आणि दुसरीकडे काव्य-तत्त्वज्ञानाची ओढ असे दुहेरी वातावरण होते. बर्गर यांच्या स्वभावातही हे दोन्ही धागे अखेरपर्यंत दिसतात.

कोबुर्ग येथील कासिमिरियानुम या जुन्या विद्यालयातून ते १८९१ साली उत्तीर्ण झाले. त्यांना खगोलशास्त्रज्ञ व्हायचे होते आणि त्यासाठी त्यांनी गणिताचे उच्च शिक्षण सुरू केले. विद्यापीठातील जीवन त्यांना मानवले नाही. अल्पावधीतच शिक्षण सोडून ते एक वर्षाच्या सेवेसाठी घोडदळात दाखल झाले.

घोडदळातील अपघात

सैनिकी सरावाच्या वेळी त्यांचा घोडा अचानक उधळला आणि ते तोफ ओढणाऱ्या गाड्याच्या वाटेत कोसळले. गाडीवानाने ऐन वेळी घोडे आवरले म्हणून ते वाचले. त्यांना मोठी इजा झाली नाही. त्याच दिवशी वडिलांची तार आली आणि तिच्यात त्यांच्या प्रकृतीची चौकशी होती. दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याचे तीव्रतेने वाटले होते आणि तिच्या आग्रहावरून ही तार पाठवण्यात आली होती.

हा योगायोग होता असे बर्गर यांनी कधीच मानले नाही. मृत्यूच्या भीतीने आपल्या मनातून काही शक्ती बाहेर पडली आणि बहिणीच्या मनापर्यंत पोहोचली, अशी त्यांची खात्री झाली. अपघातानंतर त्यांनी खगोलशास्त्राचा विचार सोडला आणि मनाच्या शक्तीचा शारीरिक पाया शोधण्यासाठी वैद्यकाकडे वळले. आयुष्याच्या अखेरीस, १९४० साली प्रसिद्ध केलेल्या मनाविषयीच्या एका छोट्या पुस्तकातही त्यांनी या अनुभवाचा उल्लेख केला आहे. विचारसंक्रमणाचा पुरावा त्यांना कधी मिळाला नाही. मात्र त्या शोधात असताना त्यांच्या हाती जे लागले ते वैद्यकशास्त्राला कायमचे उपयोगी पडले.

येना येथील आरंभीचे संशोधन

१८९७ साली येना विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतल्यावर बर्गर तेथील मनोरुग्णालयात ऑटो बिन्स्वांगर यांचे साहाय्यक झाले. तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे यांच्यावर मनोविकाराच्या काळात याच रुग्णालयात उपचार झाले होते. बर्गर यांनी आपले संपूर्ण व्यावसायिक आयुष्य याच संस्थेत व्यतीत केले. १९११ साली त्यांनी प्रयोगशाळेतील आपल्या साहाय्यिका उर्सुला फॉन ब्युलो यांच्याशी विवाह केला.

मेंदूत निर्माण होणाऱ्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेत, काही भाग विजेत आणि उरलेला भाग मानसिक ऊर्जेत रूपांतरित होत असावा, असे त्यांचे गृहीतक होते. ऊर्जेचा नाश होत नाही या भौतिकशास्त्रातील नियमाच्या आधारे ते मानसिक ऊर्जेचा हिशेब मांडू पाहत होते. एकूण ऊर्जेतून उष्णता आणि वीज वजा केली की जे उरेल ते मन, अशी ही सरळ कल्पना होती. त्यासाठी मेंदूतील रक्तप्रवाह, मेंदूचे तापमान आणि मेंदूतील वीज या तीन गोष्टी मोजणे आवश्यक होते.

रक्तप्रवाहाच्या अभ्यासात त्यांनी इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांचा मार्ग अनुसरला. अपघातामुळे किंवा शस्त्रक्रियेमुळे ज्यांच्या कवटीचा काही भाग उघडा राहिला होता अशा रुग्णांत मेंदूची स्पंदने बाहेरून मोजता येत. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मेंदू किंचित फुगतो आणि ओसरतो. विचार, भीती किंवा आनंद यांमुळे त्यात होणारे बदल बर्गर यांनी टिपले. कवटीतील रुधिराभिसरणावरील त्यांचा ग्रंथ १९०१ साली, तर मेंदूच्या तापमानावरील ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. दोन्हींतून मानसिक ऊर्जेचा हिशेब काही जुळला नाही. १९०२ सालापासून त्यांनी कुत्र्यांच्या मेंदूतील वीज मोजण्याचेही प्रयत्न केले, पण तत्कालीन उपकरणे त्यासाठी अपुरी ठरली.

मेंदूत वीज असते ही गोष्ट तेव्हा नवी नव्हती. लिव्हरपूल येथील रिचर्ड केटन यांनी १८७५ साली सशांच्या व माकडांच्या उघड्या मेंदूवर विद्युत प्रवाह आढळल्याचे जाहीर केले होते. पोलंडमधील अडॉल्फ बेक यांनी १८९० साली अशीच निरीक्षणे नोंदवली होती. मात्र जिवंत माणसाच्या मेंदूतील विजेची नोंद कोणीही केली नव्हती.

पहिल्या महायुद्धात बर्गर यांनी पश्चिम आघाडीवर लष्करी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केले. युद्धानंतर, १९१९ साली, ते बिन्स्वांगर यांच्या जागी येना येथील रुग्णालयाचे संचालक झाले. १९२७ ते १९२८ या काळात त्यांनी विद्यापीठाचे प्रमुखपदही भूषवले.

पहिला मस्तिष्कालेख

संचालकपदी आल्यावर बर्गर यांनी विजेच्या मापनाचे काम पुन्हा हाती घेतले. दिवसभर रुग्णालयाचे काम आटोपल्यावर सायंकाळी ते आपल्या प्रयोगशाळेत जात. त्यांचे वागणे काटेकोर आणि अबोल होते. ते तेथे काय करतात याची बहुतेक सहकाऱ्यांना कल्पना नव्हती.

मापनातील अडचण मोठी होती. हृदयाची वीज शरीराच्या पृष्ठभागावर सुमारे एक मिलिव्होल्ट एवढी मिळते. मेंदूची वीज डोक्याच्या त्वचेपर्यंत येईतो तिच्या काही शतांश भागाएवढीच, म्हणजे काही दशक मायक्रोव्होल्ट, उरते. स्नायूंची हालचाल, पापण्यांची उघडझाप, हृदयाचे ठोके आणि रक्तवाहिन्यांची स्पंदने या सर्वांमुळे एवढी क्षीण लहर सहज झाकली जाते. बर्गर यांच्याकडे आरंभी हृदयाच्या आलेखासाठी बनवलेले तंतू गॅल्व्हानोमीटर होते. विद्युत अभियांत्रिकीचे त्यांचे ज्ञानही मर्यादित होते.

६ जुलै १९२४ रोजी त्यांना प्रथम यश आले. कवटीचा काही भाग शस्त्रक्रियेने काढलेल्या एका सतरा वर्षांच्या तरुणाच्या डोक्यावर विद्युत अग्रे ठेवून त्यांनी गॅल्व्हानोमीटरच्या तंतूची बारीक थरथर पाहिली. मानवी मस्तिष्कालेखाचा आरंभ याच दिवशी झाला असे मानले जाते. २०२४ साली या घटनेची शताब्दी साजरी झाली.

या यशाने बर्गर निःशंक झाले नाहीत. आपण पाहतो ती मेंदूचीच वीज आहे, की रक्तवाहिन्यांच्या स्पंदनामुळे निर्माण झालेला भास, हा प्रश्न त्यांना सतावत होता. त्यांच्या दैनंदिनीत आशा आणि निराशा आलटून पालटून येतात. मेंदूतील रक्तप्रवाहाचा आधीचा दीर्घ अभ्यास येथे कामी आला. नाडीचा आणि श्वासाचा आलेख मेंदूच्या आलेखासोबतच काढून ते दोन्ही पडताळून पाहत. शिशाच्या आणि पुढे चांदीच्या पातळ पत्र्याची अग्रे वापरून, कवटी अखंड असलेल्या माणसांच्या डोक्यावरूनही लहरी मिळवता येतात हे त्यांनी दाखवले. अशा अनेक नोंदी त्यांनी आपला मुलगा क्लाउस याच्या आणि स्वतःच्या डोक्यावरून घेतल्या.

पाच वर्षे पडताळणी केल्यावर १९२९ साली त्यांनी मानवाच्या विद्युत् मस्तिष्कालेखाविषयीचा आपला पहिला निबंध एका जर्मन मनोविकार नियतकालिकात प्रसिद्ध केला. या मालिकेत १९३८ सालापर्यंत एकूण चौदा निबंध प्रकाशित झाले.

बर्गर यांची निरीक्षणे

डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून सेकंदाला सुमारे दहा या गतीने ठळक लहरी उमटतात, असे बर्गर यांना आढळले. त्यांना त्यांनी अल्फा लहरी असे नाव दिले. डोळे उघडताच किंवा मन एकाग्र होताच या लहरी लोपतात आणि त्यांच्या जागी लहान, जलद लहरी येतात. त्यांना त्यांनी बीटा लहरी म्हटले. ही दोन्ही नावे आजही प्रचलित आहेत. डोळे उघडल्यावर अल्फा लहरी नाहीशा होण्याच्या क्रियेला बर्गर परिणाम असेही म्हणतात.

यानंतरच्या निबंधांत त्यांनी अपस्मार, मेंदूतील गाठी, स्मृतिभ्रंश आणि क्लोरोफॉर्मची भूल अशा अनेक अवस्थांतील आलेख नोंदवले. झोप आणि बेशुद्धी यांच्याबरोबर मेंदूची वीज बदलते, ही गोष्ट त्यामुळे प्रथमच समोर आली. बोलू न शकणाऱ्या, हालचाल न करणाऱ्या माणसाच्या मेंदूची स्थिती बाहेरून कळू शकते, याचा हा पहिला पुरावा होता.

लहान मुलांच्या आलेखांचा अभ्यासही बर्गर यांनीच सुरू केला. वय वाढत जाते तसतशा लहरी जलद आणि सुसूत्र होत जातात, असे त्यांनी दाखवले. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील बालकांत मात्र त्यांना लहरी स्पष्ट मिळाल्या नाहीत. चेतातंतूंवरील आवरण पुरेसे तयार न झाल्याने असे होत असावे, असे त्यांचे मत होते. पुढे अधिक संवेदनशील वर्धक उपलब्ध झाल्यावर नवजात आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या मेंदूतही विद्युत क्रिया असते हे सिद्ध झाले. ती प्रौढांसारखी अखंड नसते, तर तिच्यात खंड पडत राहतात.

मान्यता

जर्मनीतील शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी बर्गर यांच्या निबंधांकडे आरंभी दुर्लक्ष केले. एका मनोविकारतज्ज्ञाने, फारशा सहकाऱ्यांविना, जुजबी उपकरणांवर लावलेला हा शोध अनेकांना विश्वासार्ह वाटला नाही. एवढ्या प्रचंड संख्येच्या चेतापेशींची क्रिया मिळून एक सुबक लहर उमटेल, ही कल्पनाही तत्कालीन समजुतीशी विसंगत होती.

परिस्थिती बदलली ती इंग्लंडमधून. १९३२ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेले केंब्रिजचे एडगर एड्रियन आणि त्यांचे सहकारी ब्रायन मॅथ्यूज यांनी बर्गर यांचे प्रयोग अविश्वासानेच करून पाहिले. एड्रियन यांच्या स्वतःच्या डोक्यावरून अल्फा लहरी उत्तम मिळाल्या. १९३४ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि या लहरींना बर्गर लय असे संबोधले. लहरींचा उगम संपूर्ण मेंदूत नसून मुख्यतः मागील भागात आहे, या मुद्द्यावर त्यांचे बर्गर यांच्याशी मतभेद होते आणि पुढील संशोधनाने एड्रियन यांची बाजू उचलून धरली. शोधाच्या मूळ सत्यतेविषयी मात्र शंका उरली नाही.

१९३५ साली अमेरिकेतील फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस आणि विल्यम लेनॉक्स यांनी अपस्माराच्या एका प्रकारात सेकंदाला तीन या गतीने येणाऱ्या विशिष्ट लहरी दाखवल्या. शतकानुशतके भूतबाधा किंवा दैवी कोप समजला गेलेला हा विकार मेंदूतील विजेचा बिघाड आहे, हे त्यामुळे कागदावर पाहता येऊ लागले. १९३७ साली पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषदेत बर्गर यांचा सन्मानाने सहभाग होता. मायदेशी त्यांना तेवढी प्रतिष्ठा मिळाली नाही. नोबेल पारितोषिकही त्यांना लाभले नाही.

नाझी राजवटीतील सहभाग

दीर्घकाळ बर्गर यांचे चित्र नाझींच्या छळाला बळी पडलेला शास्त्रज्ञ असे रंगवले जात असे. राजवटीने त्यांना १९३८ साली सक्तीने पदावरून दूर केले आणि त्या दुःखात त्यांनी आत्महत्या केली, असे अनेक पुस्तकांत छापले गेले. विद्यापीठ व न्यायालयांच्या कागदपत्रांच्या अभ्यासातून एकविसाव्या शतकात या कथेला छेद गेला. १९३८ साली बर्गर पासष्ट वर्षांचे झाले होते आणि त्यांची निवृत्ती वयोमानानुसार होती.

जुलै १९३३ मध्ये जर्मनीत आनुवंशिक रोगांच्या प्रतिबंधासाठी म्हणून सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा संमत झाला आणि जानेवारी १९३४ पासून तो अमलात आला. ज्या विकारांसाठी या कायद्याने माणसांचा अपत्यप्राप्तीचा हक्क हिरावून घेतला त्यांत आनुवंशिक समजला गेलेला अपस्मारही होता. कोणाचे निर्बीजीकरण करायचे हे ठरवण्यासाठी खास आरोग्य न्यायालये आणि त्यांच्यावर अपील न्यायालये नेमण्यात आली. बर्गर यांनी येना येथील अपील न्यायालयाचे सदस्य म्हणून काम केले. शुट्झश्टाफेल, म्हणजे एसएस, या नाझी संघटनेचे ते वर्गणीदार सदस्यही होते. निवृत्तीनंतर, १९४१ साली, येना विद्यापीठाचे तत्कालीन प्रमुख आणि वंशशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते कार्ल आस्टेल यांनी त्यांना या न्यायालयाच्या कामासाठी पुन्हा विचारले, तेव्हाही त्यांनी तयारी दर्शवली होती.

अपस्माराच्या रुग्णांना ज्या शोधाचा सर्वाधिक उपयोग झाला त्याच शोधाचा जनक अशा रुग्णांच्या निर्बीजीकरणाच्या निवाड्यांत सहभागी होता. शोधाचे मोल त्यामुळे घटत नाही. मात्र छळ सोसलेला संशोधक ही त्यांची जुनी प्रतिमा आता इतिहासकार ग्राह्य धरत नाहीत.

निधन

आयुष्याच्या अखेरच्या काळात बर्गर यांना तीव्र नैराश्याने ग्रासले होते. प्रकृतीही ढासळली होती. १ जून १९४१ रोजी, वयाच्या ६८व्या वर्षी, येना येथील ज्या रुग्णालयात त्यांनी चार दशके काम केले तेथेच त्यांनी गळफास लावून जीवन संपवले.

बालकांच्या हृदयशस्त्रक्रियेतील उपयोग

बर्गर यांनी मेंदूकडे रक्त, तापमान आणि वीज अशा तीन बाजूंनी पाहिले होते. त्यांच्या निधनानंतर उदयास आलेल्या हृदयशस्त्रक्रियेत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी खुली हृदयशस्त्रक्रिया केली. हृदय थांबलेले असताना रक्तात प्राणवायू मिसळून ते शरीरभर फिरवण्याचे काम हे यंत्र करते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूझीलंडमधील ब्रायन बॅरट-बॉइज यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी अगदी लहान बालकांवरही अशा शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवल्या.

तान्ह्या बालकाचे हृदय अक्रोडाएवढे असते. त्यात नळ्या ठेवून शस्त्रक्रिया करणे अवघड जाते. म्हणून बालकाचे शरीर सुमारे १८ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून काही वेळ रुधिराभिसरण पूर्णपणे थांबवण्याची पद्धत रूढ झाली. थंड झालेल्या मेंदूची प्राणवायूची गरज खूप कमी होते. त्याबरोबर मस्तिष्कालेखातील लहरीही मंदावतात आणि शेवटी जवळजवळ सरळ रेष उरते. ही रेष मृत्यूची नसून मेंदूच्या तात्पुरत्या विश्रांतीची असते. शरीर पुन्हा उबदार केल्यावर लहरी परत येतात. त्या परत यायला किती वेळ लागतो यावरून मेंदूने हा ताण कसा सोसला याचा अंदाज करता येतो.

मात्र हृदय दुरुस्त झालेल्या काही बालकांना शस्त्रक्रियेनंतर झटके येत आणि पुढे त्यांच्या हालचाली, भाषा किंवा अभ्यास यांत अडचणी दिसत. बालकाला वाचवणे आणि त्याचा मेंदू वाचवणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे त्यामुळे लक्षात आले. या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील बॉस्टन येथे झाला. ज्यांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन महारोहिण्यांची जन्मतःच अदलाबदल झालेली होती अशा, तीन महिन्यांपर्यंत वयाच्या १७१ बालकांचा त्यात समावेश होता. काहींचे रुधिराभिसरण शस्त्रक्रियेदरम्यान मुख्यतः पूर्ण थांबवण्यात आले आणि इतरांत यंत्राद्वारे मंद प्रवाह चालू ठेवण्यात आला. कोणाला कोणती पद्धत हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते.

जेन न्यूबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुधिराभिसरण थांबवलेल्या गटात झटक्यांचे प्रमाण अधिक होते आणि मस्तिष्कालेख पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागला. ज्यांना शस्त्रक्रियेनंतर झटके आले अशा मुलांचा विकास पुढील तपासण्यांत तुलनेने मागे राहिलेला आढळला. या अभ्यासानंतर रुधिराभिसरण थांबवण्याचा अवधी शक्य तितका कमी ठेवण्याकडे कल वाढला.

नवजात बालकांत मस्तिष्कालेखाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. मोठ्या माणसाला झटका आला की तो डोळ्यांनी दिसतो. शस्त्रक्रियेनंतरच्या बालकाला झोपेची आणि स्नायू शिथिल करणारी औषधे दिलेली असतात. त्याच्या मेंदूत झटका चालू असला तरी हातपाय निश्चल राहू शकतात. शस्त्रक्रियेनंतरच्या नवजातांतील बरेचसे झटके केवळ मस्तिष्कालेखातच आढळतात. म्हणूनच अमेरिकन क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी सोसायटीने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत, मेंदूला इजा होण्याचा धोका असलेल्या आणि म्हणून सतत मस्तिष्कालेख घ्यावा अशा नवजातांमध्ये हृदय-फुप्फुस यंत्रावर शस्त्रक्रिया झालेल्या बालकांचाही समावेश केला आहे.

पूर्ण आलेख चोवीस तास वाचण्यासाठी तज्ज्ञ सर्वत्र उपलब्ध नसतात. त्यासाठी लंडन येथील डग्लस मेनर्ड आणि पामेला प्रायर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मोजक्या अग्रांवर चालणारे, लहरींची उंची एका सलग पट्ट्यात दाखवणारे सोपे यंत्र विकसित केले. ते मूळ हृदयक्रिया बंद पडून वाचलेल्या प्रौढ रुग्णांसाठी होते. पुढे नवजात अतिदक्षता विभागांत त्याचा मोठा प्रसार झाला. १९७७ साली फ्रान्स यॉब्सिस यांनी अवरक्त किरणांच्या निकट असलेल्या प्रकाशाने मेंदूतील प्राणवायूचा अंदाज घेण्याची रीत दाखवली आणि तीही आता बालकांच्या हृदयशस्त्रक्रियेत मस्तिष्कालेखाच्या जोडीला वापरली जाते. प्रकाश रक्तातील प्राणवायूची स्थिती सांगतो, तर मस्तिष्कालेख चेतापेशी प्रत्यक्ष काम करत आहेत की नाही हे सांगतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. शस्त्रक्रियागृहातील विद्युत उपकरणांचा गोंगाट आलेखात मिसळतो. भूल आणि थंडी या दोहोंमुळे लहरी मंदावत असल्याने इजेची खूण वेगळी ओळखणे कठीण जाते. शिवाय मस्तिष्कालेख धोका दाखवतो, तो स्वतः टाळत नाही.

मूल्यमापन

बर्गर यांना मनाच्या ऊर्जेचा हिशेब मांडायचा होता आणि तो त्यांना साधला नाही. दूरच्या बहिणीला भावाचे संकट कसे कळले, या त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांच्या लहरींनी दिले नाही. कवटीच्या आतील मेंदूचे संकट बाहेर उभ्या असलेल्या वैद्याला कळावे, एवढी सोय मात्र त्यांनी करून ठेवली. अपस्माराचे रुग्ण, भुलेखालील रुग्ण आणि आपली वेदना सांगू न शकणारी तान्ही बालके यांना तिचा लाभ आजही होत आहे. त्यांच्या चरित्रातील हे यश आणि निर्बीजीकरण न्यायालयातील त्यांचे काम या दोन्ही बाजू आज एकत्रच अभ्यासल्या जातात.